दोन पांढऱ्यांचा वाद

वाशीम येथील आमच्या घराला वडिलांच्या वेळीं दरवर्षीं दसऱ्यापूर्वी चुन्याची सफेती होत असे. कळीचा चुना विरवावा, तो गाळून त्यांत थोडा डिंक व चिमूटभर नीळ घालावी, कीं झालें. पांढरा कोणता, हा प्रश्न कोणास पडत नसे. यंदा रंगाऱ्यानें कार्ड आणलें, तों त्यांत नुसत्या पांढऱ्याचेच वीसपंचवीस चौकोन! सूनबाईंनीं त्यांतून दोन निवडले, एक सायीसारखा व एक शिंपल्यासारखा. आणि माजघराच्या भिंतीवर दोहोंचे हातहातभर पट्टे देवविले. सकाळीं, दुपारीं व रात्रीं दिव्याच्या उजेडांत त्या ते निरखून पाहूं लागल्या.

आम्हांस दोन्ही पट्टे एकच दिसत होते. "अमरकोशांत शुभ्र वर्णाचीं तेरा नांवें आहेत, पण वर्ण एकच!" असा निकाल आम्हीं दिला. सूनबाई हळूच म्हणाल्या, "पण मामंजी, पिवळसर पांढऱ्याला तेथें पांडुर, पांडु अशीं निराळीं नांवें आहेत ना?" हें आम्हींच त्यांना पूर्वी शिकविलें होतें! शेती पाहणाऱ्या आमच्या धाकट्या बंधूंनींहि त्यांचीच री ओढली, "दादा, कारंज्याच्या बाजारांत कापसाचा पांढरेपणा पाहूनच भाव सांगतात." आम्ही चिडलों. 'हे रिकामपणाचे चोचले आहेत,' असें सर्वांदेखत बोलून गेलों. सूनबाईंनीं उलट उत्तर केलें नाहीं. रंगकाम थांबलें, आणि पंधरा दिवस माजघरांत कोणी मोकळेपणानें हंसलें नाहीं.

पुढें आमच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. घरीं आल्यावर सहज भिंतीकडे पाहिलें, तों दोन पट्टे स्पष्ट निराळे! उजवा डोळा झांकला, कीं पुन्हां एकच. डॉक्टरांनीं उलगडा केला : वयोमानानें डोळ्यांतील भिंग पिवळें पडतें व निळा प्रकाश अडवितें, आणि हें इतकें हळूहळू घडतें, कीं ज्याचें त्यास कळत नाहीं. फ्रान्सचे थोर चित्रकार क्लोद मोने यांच्याहि उजव्या डोळ्याची अशी शस्त्रक्रिया १९२३ सालीं झाली, तेव्हां त्यांना रंग परके वाटूं लागले होते. रंगांत ज्यांचा जन्म गेला त्यांची ही गत, तर आमची कथा काय?

जन्मभर मुलांच्या चुकांवर तांबडी शाई ओढली. आपली चूक कबूल करावयास मात्र जीभ जड झाली. तरी ज्या मंडळींसमोर बोललों होतों, त्याच मंडळींसमोर सूनबाईंना म्हणालों, "दोष भिंतीचा नव्हता, आमच्या डोळ्याचा होता." माजघर उत्तरेकडचें, तेथें ऊन येत नाहीं, उजेड थंड, निळसर. म्हणून सायीचाच रंग शोभेल, हें त्यांनीं केव्हांच हेरलें होतें. तोच दिला.

घरांत सौभाग्यवतींना अजून दोन्ही रंग सारखेच दिसतात. त्यावर आम्ही वाद घालीत नाहीं. येत्या सोमवारीं त्यांना डॉक्टरांकडे नेणार आहों.