नव्या माणसाची वाट

दारू सोड म्हणून सांगणाऱ्यांची आमच्या घरी कधीच वाण नव्हती. आईने देवाची शपथ घातली, मामांनी पंढरपूरला नेऊन दादाच्या गळ्यात माळ घातली, वहिनी मुलांना घेऊन माहेरी राहिली. माळ घातल्यावर जन्मभर बाटलीला न शिवलेली माणसं मी गावात पाहिली आहेत, तेव्हा तिची ताकद मी जाणते. पण आम्ही सगळे काठावरून ओरडणारे. पाण्यात दादाच्या सोबत कुणी नव्हतं.

डॉक्टरांनी आधी त्याला दवाखान्यात दाखल करून घेतलं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केली तर झटके येतात, भास होतात, प्रसंगी जीवावर बेततं. ते घरच्या घरी करायचं काम नव्हे. शरीर सुधारलं, दादा घरी आला, आणि मग खरी पंचाईत सुरू झाली. संध्याकाळी सात वाजता करायचं काय? इतकी वर्षं त्या वेळेचा मालक दुसराच होता.

दारू सोडू पाहणाऱ्यांनीच चालवलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगचा पत्ता मिळाला तो एका महापालिका शाळेचा. फाटकावर मोठी पाटी नव्हती. वॉचमनला संस्थेचं नाव सांगता येईना, पण ‘ते आठ वाजताचे ना, मागच्या वर्गात’ एवढं तो बरोबर म्हणाला. दादाचे पाय तिथेच अडले. सोसायटीतलं कुणी भेटलं तर? ही भीती खोटी नाही. आपल्याकडे पिणारा हसण्यावारी नेला जातो, पण दारू सोडायला मदत मागणाऱ्याकडे लोक वळून वळून बघतात. म्हणून तर नावामागचं आडनाव इथे कुणी विचारत नाही, हजेरी मांडत नाही, फी घेत नाही. शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जमेल तो त्यात काही टाकतो. दारू थांबवायची इच्छा, एवढीच सभासद व्हायची अट.

त्या दिवशीची मीटिंग खुली होती, म्हणून मलाही बसता आलं. दुसरीतल्या मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन मोठाली माणसं बसलेली: एक रिक्षावाले, एक बँकेतले, इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण. चहा आला. वाढणाऱ्या काकांनी सगळ्यांना कप भरून दिले आणि दादाला न विचारता अर्धाच. त्याचे हात अजून थरथरत होते. भरलेला कप सांडला असता, सगळ्यांदेखत. काकांना हे कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. पुढे तो अर्धा कप संपला तशी त्यांनी किटली पुन्हा आणली.

मग एकेक जण उठून बोलू लागला. मध्ये कुणी तोंड घालत नव्हतं, सल्ला देत नव्हतं. इस्त्रीच्या शर्टातल्या तरुणाने मुलीच्या गुल्लकातून पैसे काढल्याचं सांगितलं, तेव्हा दादाने मान वर केली. घरात आम्ही त्याला तेच शंभरदा सुनावलं होतं आणि प्रत्येक वेळी त्याची मान खालीच गेली होती. निघताना रिक्षावाले त्याला म्हणाले, ‘तुम्ही आलात, बरं झालं. माझं आज काही खरं नव्हतं.’

मला ते सौजन्य वाटलं. या चळवळीची सुरुवात कशी झाली हे वाचलं तेव्हा उमगलं की ते अक्षरशः खरं होतं. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातला बिल विल्सन अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एका हॉटेलात एकटा होता. धंद्याचं काम फसलेलं, काही महिन्यांपासून दारू बंद, आणि समोर बार. त्या घडीला त्याला हवा होता आपल्यासारखाच दुसरा दारुडा. चर्चच्या लोकांना फोन करत करत तो डॉ. बॉब स्मिथ या सर्जनपर्यंत पोहोचला. पंधरा मिनिटं देईन म्हणालेले डॉक्टर कित्येक तास बोलत बसले. बिल तिथे गेला होता तो स्वतःला वाचवायला. डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला तो दिवस, १० जून, संस्थेचा स्थापनादिन मानला जातो.

म्हणजे पहिल्यांदा दार लोटणारा याचक नसतोच. त्याच्यावाचून आतल्या जुन्यांचंही अडतं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणमध्येही व्यसनातून बाहेर आलेली माणसं पुढे समुपदेशक म्हणून उभी राहिली, तेही मला याच कुळातलं वाटतं. याचा खरंच उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये २७ अभ्यास एकत्र तपासले. अ‍ॅनॉनिमसशी माणसाला जोडून देणारे पद्धतशीर उपचार दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत इतर मानसोपचारांपेक्षा सरस ठरले.

तरी पहिली मीटिंग सगळ्यांना मानवतेच असं नाही. कुणाला प्रार्थना खटकते, कुणाला भाषा परकी वाटते. त्याने दुसरा गट बघावा. गटागटाचा स्वभाव वेगळा असतो. मधे पाय घसरला तरी पुन्हा जावं, तिथे दार बंद होत नाही. दादाही घसरला, पुन्हा गेला. वहिनी आता घरच्यांसाठी असलेल्या अल्-अ‍ॅनॉनला जाते, दादाचं काय चाललंय याची वाट न बघता.

माझं एकच मागणं आहे, गल्लीतल्या डॉक्टरांकडे. यकृताचा रिपोर्ट हातात ठेवून ‘आता सोडा’ म्हणताना जवळच्या मीटिंगचा वार, वेळ आणि पत्ता त्याच चिठ्ठीवर लिहून द्या. आणि शक्य असेल तर त्या गटातल्या एखाद्याला तिथूनच फोन लावून द्या. तोही कुणाची तरी वाट बघत असतो.