मिशीवाला रूममेट

हॉस्टेलवर रूममेट निवडायचं स्वातंत्र्य नसतं, हे काय मी वेगळं सांगायला नको. माझ्या वाट्याला तीन आले. एक घोरणारा, दुसरा पहाटे चारचा अलार्म लावून स्वतः न उठणारा आणि तिसरा काचेला चिकटून बसणारा. हा तिसरा म्हणजे दोन फुटी टाकीतला मासा. दहा-अकरा सेंटीमीटर लांब, काळपट अंगावर फिकट ठिपके आणि नाकाडावर फाटे फुटलेल्या मऊ मिशा! दुकानात त्याला ब्रिसलनोज म्हणतात, शास्त्रात अँसिस्ट्रस. आमच्या विंगमध्ये त्याचं नाव 'क्लीनर'.

नावाबद्दल तक्रार नाही, पण त्यामागचा समज माशाच्या जिवावर उठतो. "घाण खाऊन जगतो रे तो, त्याला वेगळं काय घालायचं?" हे वाक्य टाकी बघायला येणारा प्रत्येक जण म्हणतो. मित्रांनो, तो घाण खात नाही. दगडांवर, लाकडांवर वाढणारं शेवाळ आणि त्यातले बारीक जीव हे त्याचं खाणं. ओठ सक्शन कपसारखे, आत खरवडायला बारीक दातांच्या रांगा. वाहत्या पाण्यात दगडाला धरून चरायचं, त्यासाठीच हे सगळं डिझाइन. टाकीची काच एकदा लख्ख झाली की शेवाळ संपलं. मालक खूष आणि मासा उपाशी! त्यामुळे मेसमधल्या काकडीच्या चार चकत्या रोज माझ्या खिशातून वर येतात. मेसचे काका आता विचारतही नाहीत.

या माशाचं खरं घर दक्षिण अमेरिका आणि पनामा. तिथे त्याच्या साठाहून जास्त जाती आहेत. आपल्याकडे विकला जातो तो पिढ्यान्पिढ्या टाकीतच वाढलेला. त्याची नेमकी जात कोणती, यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही. पण त्याचे भाऊबंद नदीत कसे जगतात, ते मात्र नीट अभ्यासलं गेलंय. मेरी पॉवर या शास्त्रज्ञ बाईंनी पनामातल्या रिओ फ्रिहोलेस नावाच्या ओढ्यात अशा माशांचा अभ्यास केला आणि १९८४ साली तो प्रसिद्ध केला. ओढ्यात काही डोह उन्हातले, काही झाडांच्या दाट सावलीतले. उन्हात शेवाळ भराभर वाढतं, सावलीत हळू. मग सावलीतले मासे बारीक राहत असतील ना? तर नाही! उन्हातल्या डोहात मासेही त्या प्रमाणात जास्त. त्यामुळे दोन्हीकडे प्रत्येकाच्या वाट्याला सारखंच येतं आणि वाढही सारखीच होते. आपलं पॅरलल सर्किट आठवा. रेझिस्टन्स कमी तिकडे करंट जास्त, पण व्होल्टेज सगळीकडे तेवढंच. फरक इतकाच, की यांना व्हायवा द्यावी लागत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त भिडली. काठाजवळच्या उथळ पाण्यात हिरवंगार शेवाळ तसंच उरलेलं असतं. साधारण वीस सेंटीमीटरपेक्षा कमी खोलीत मोठे मासे चरायला जातच नाहीत, कारण तिथे बगळे आणि खंड्या टपलेले. कोरड्या ऋतूत खाणं इतकं कमी पडतं, की वाढ थांबते. ताट समोर दिसत असतं, तरी ते खोल पाण्यातच राहतात. भूक आणि भीती यांचा हिशोब हा प्राणी रोज मांडतो, आणि आपण त्याला 'काच पुसणारा' म्हणतो!

या फेब्रुवारीत, ऐन सबमिशनच्या धामधुमीत, आमच्या क्लीनरने प्लंबिंगच्या पाइपच्या तुकड्यात बिऱ्हाड थाटलं. मादी नारिंगी अंड्यांचा घोस घालून निघून गेली. पुढचं सगळं बापाकडे. पंखांनी वारा घालत तो पाइपच्या तोंडाशी बसून राहिला. काकडी टाकली तरी बाहेर आला नाही. पाचव्या दिवशी पिल्लं निघाली, पोटाला पिवळी पिशवी बांधल्यासारखी. त्याच्या मिशांबद्दल सबाज, आर्मब्रस्टर आणि पेज या तिघांनी १९९९ साली एक तर्क मांडला. मिशा लांबून पिल्लांसारख्या दिसतात, आणि आधीच पिल्लं सांभाळणारा नर मादीला जास्त पसंत पडतो. म्हणजे 'मी चांगला बाप होईन' हा बायोडेटा थेट तोंडावरच!

आता आम्ही फायनल इयरवाले जूनमध्ये रूम खाली करणार. घोरणारा म्हणाला, "नदीत सोडून दे ना, बिचारा मोकळा होईल." यावरून आमची रात्री दोनपर्यंत भांडणं झाली. त्याचा हेतू वाईट नव्हता. पण कुणाची नदी? याच्याच कुळातला तो मोठा 'सकर' असाच टाक्यांमधून बाहेर पडला आणि आज केरळ, आंध्र, कोलकात्याच्या पाण्यात ठाण मांडून बसलाय. कोळ्यांची जाळी फाडतो, काठात बिळं करतो. आमचा लहान आहे म्हणून निर्धोक, असं कुणी छातीठोकपणे सांगेल का? आणि तगला नाही, तर तो बगळ्याच्या पोटात. दोन्हीकडून 'मोकळं' कुणीच होत नाही.

शेवटी शेजारच्या रूममधल्या सेकंड इयरच्या मुलांनी टाकी घ्यायचं कबूल केलंय. पिल्लं पाच घरांत वाटून झाली. ज्युनिअर्सना एवढंच सांगणं आहे, काकडी रात्री टाका, सकाळी उरलेली काढा, लाकडाचा तुकडा आणि पाइप हलवू नका. दर आठवड्याला थोडं पाणी बदला.

आणि हो, काच तुम्हीच पुसा.