चिमुकल्या गावातले दिवे

पुण्याला गेलं की शनिवारवाडा, पर्वती, सारसबाग हे ठरलेलंच. या सुट्टीत मुलांना घेऊन जाल ना, तेव्हा एक वेळ कोथरूडसाठी राखून ठेवा. तिथं जी. ए. कुलकर्णी पथावर जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. भाऊ जोशींनी हौसेनं जमवलेला हा पसारा १ एप्रिल १९९८ पासून सर्वांना पाहायला खुला झाला. निघण्यापूर्वी खेळांच्या वेळा तेवढ्या विचारून घ्या.

स्टेशन, सिग्नल, उड्डाणपूल, सर्कस… सारं गाव एका मांडणीवर! गाड्या धावू लागल्या की मुलं जागची हलत नाहीत. मग खोलीत अंधार होतो, गावातले इवलेइवले दिवे लागतात आणि आपल्याही तोंडून ‘अय्या!’ निघतंच.

आता पुढची गंमत ऐका. अशा गाडीला वीज मिळते रुळांतून. साध्या पद्धतीत ती जास्तीत जास्त १२ व्होल्ट असते. व्होल्ट कमी केले की गाडी हळू होते. दिवेही त्याच रुळांना जोडले तर? गाडी स्टेशनात थांबली की गावात अंधार! म्हणून अशा मांडणीत दिव्यांना वीजपुरवठा वेगळा ठेवतात. फळीखालून दोन जाड वायरी या टोकापासून त्या टोकापर्यंत नेतात आणि त्यांतून प्रत्येक दिव्याला बारीक फाटे काढतात. गाडीच्या वायरींचा रंग वेगळा, दिव्यांच्या वायरींचा वेगळा. विणकामात दोन रंगांची लोकर गुंतू देत नाही, तसंच हे.

घरी परतल्यावर मुलं ‘आपणही करू’ म्हणून हट्ट धरणार. जरूर करू द्या. पण ‘वायरींचं काम आपलं नव्हे’ म्हणून स्वयंपाकघरात जाऊ नका. मुलांचा खेळ रंगतो तेव्हा घरात बहुधा तुम्हीच असता, आणि भिंतीतल्या प्लगात २३० व्होल्ट असतात!

एवढं पाहाच. खेळातली कुठलीही वायर थेट प्लगात जाता कामा नये. चांगल्या प्रतीचा, बंद डबीचा १२ व्होल्टचा डीसी अ‍ॅडॉप्टर आणा. तो उघडायचा नाही. एलईडी दिवा त्याला नुसता जोडला तर क्षणात जळतो. प्रत्येक दिव्याला १००० ओहमचा रेझिस्टर लावायला सांगा. गाडीचा रूळ बदलणारं यंत्र कॉइलचं असेल तर त्याचं बटण क्षणभरच दाबायचं. दाबून धरलं तर कॉइल तापून जळते. वायरींचे उघडे जोड टेपनं झाका. आणि जेवायला हाक मारलीत की आधी प्लगचं बटण बंद, मग पाटावर!

एवढी शिस्त लागली की चिमुकलं गाव खुशाल उजळू द्या. मुलांच्या हाती खेळ राहील आणि तुमच्या जिवाला घोर राहणार नाही.