चि. सोनूस, डेटाबेस निवडण्यापूर्वी

चि. सोनूस,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. लहान दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट, केसपेपर आणि बिलं सांभाळणारं सॉफ्टवेअर तुमची टीम बनवतेय आणि ते क्लाउडवर उभं करायची जबाबदारी तुझ्याकडे आलीय, हे वाचून फार बरं वाटलं. तू दोन प्रश्न विचारलेस. सर्व्हर टेराफॉर्मने उभे करायचं ठरलंय, तर डेटाबेसही त्याच कोडमध्ये घालू का? आणि डेटाबेस कोणता घेऊ? मेसेजमध्ये उत्तर मावेना, म्हणून पत्रच लिहायला बसले.

माझ्या मते दोन्ही उत्तरांचं मूळ एकच आहे. ॲप्लिकेशनचा सर्व्हर गेला तर जाऊ दे, काही मिनिटांत दुसरा उभा राहील अशी सोय कर. डेटाबेसच्या बाबतीत मात्र यंत्राला तेवढी मोकळीक देऊ नकोस. क्लाउडवर दोन्ही एकाच कन्सोलवर दिसतात, एकाच कमांडने तयार होतात, एकाच बिलात येतात. त्यामुळे नव्या माणसाला दोन्ही एकाच जातीचे वाटतात. सर्व्हरवर जे काही असतं ते कोडमधून परत बनवता येतं. कालच्या पेशंटला कुठल्या औषधाची ॲलर्जी निघाली, हे कुठल्याच कोडमध्ये नसतं.

मी नोकरीला लागले तेव्हा नवा सर्व्हर हवा असला की आधी कोटेशन, मग पर्चेस ऑर्डर, मग डिलिव्हरीची वाट. तो आला की रॅकमध्ये बसवायचा, केबल ओढायच्या, सीडीवरून ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची. पुढचं सगळं कुणा एका जुन्या माणसाच्या डोक्यात. तो सोडून गेला की त्या मशीनला हात लावायची कुणाची छाती होत नसे. २००६ मध्ये ॲमेझॉनने ईसीटू सुरू केलं आणि तासाच्या भाड्याने मशीन मिळायला लागली. पण नुसती मशीन लवकर मिळून भागत नाही, ती दर वेळी तशीच्या तशी घडली पाहिजे. ही कल्पना क्लाउडहून जुनी आहे. १९९३ मध्ये ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी सीएफइंजिन लिहिलं. मशीन शेवटी कशी असायला हवी ते लिहून ठेवायचं, आणि आत्ता ती कशी आहे ते बघून फरक भरून काढायचं काम प्रोग्रॅमवर सोडायचं. पपेट, शेफ, ॲन्सिबल ही सगळी त्याच घराण्यातली. २०१४ मध्ये आलेल्या टेराफॉर्मने तोच विचार मशीनच्या आतून बाहेर आणला आणि नेटवर्क, फायरवॉल, लोड बॅलन्सर, सर्व्हर सगळ्याला लावला. तीच फाइल दहा वेळा चालव, परिणाम एकच यायला हवा.

सर्व्हरसाठी हे तू अगदी बिनधास्त वापर. अट एकच: ॲप सर्व्हरच्या डिस्कवर जपण्यासारखं काही राहू देऊ नकोस. रिपोर्टच्या पीडीएफ एसथ्रीमध्ये, लॉग बाहेरच्या ठिकाणी, लॉगिनची सेशन रेडिसमध्ये. मग एखाद्या दुपारी, सगळे जागेवर असताना, मुद्दाम एक सर्व्हर बंद करून बघ. रिसेप्शनवरच्या मुलीला काहीही कळलं नाही, तर तुझं काम चोख. आणि एसएसएचने आत शिरून हाताने केलेली दुरुस्ती त्याच दिवशी कोडमध्ये आली पाहिजे, हा नियम टीमला पहिल्यापासून लाव. नाहीतर कोड एक सांगतो आणि मशीन दुसरीच असते.

आता डेटाबेस. त्याच कोडमध्ये घाल, पण वेगळ्या फोल्डरमध्ये, वेगळ्या स्टेट फाइलसह (काय काय उभं केलंय याची टेराफॉर्मची नोंदवही). ॲप सर्व्हर दिवसातून दहा वेळा बदलतील, डेटाबेसला महिनोन्महिने हात लागणार नाही. रोजच्या बदलांच्या वाटेत तो येताच कामा नये.

का म्हणतेय ते सांगते. समज, उद्या ऑडिटर म्हणाला की डेटाबेसची डिस्क एन्क्रिप्टेड नाही. तुझ्या टीममधला कुणीतरी फाइल उघडतो, स्टोरेज एन्क्रिप्टेडपुढचं फॉल्स खोडून ट्रू लिहितो आणि प्लॅन चालवतो. एका शब्दाचा बदल. पण ॲमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस सेवेवर चालू डेटाबेसचं एन्क्रिप्शन असं जागच्या जागी सुरू होत नाही, म्हणून टेराफॉर्म त्या ओळीपुढे ‘फोर्सेस रिप्लेसमेंट’ असं लिहितो, डावीकडे वजा आणि अधिकची जोडखूण दाखवतो आणि तळाशी सांगतो: एक बनवणार, एक नष्ट करणार. म्हणजे भरलेला डेटाबेस काढून त्याच नावाचा रिकामा ठेवणार. टेराफॉर्मची यात काही चूक नाही, मागितलं तेच तो देतोय. पण चाळीस ओळींच्या प्लॅनमध्ये ती खूण नजरेतून सुटली आणि कुणी ‘येस’ टाइप केलं, की काम झालंच. (योग्य रस्ता लांबचा आहे: स्नॅपशॉट घ्यायचा, त्याची एन्क्रिप्टेड प्रत काढायची, तिच्यातून नवा डेटाबेस उभा करायचा आणि ॲप तिकडे वळवायचं.)

इथे आणखी एक गोष्ट नीट बघ. इंटरनेटवरच्या बहुतेक उदाहरणांत ‘स्किप फायनल स्नॅपशॉट’ ट्रू केलेलं असतं, कारण शिकणाऱ्याला डेटाबेस बनवून लगेच मोडायचा असतो आणि स्नॅपशॉटचं नाव दिलं नसेल तर मोडताना एरर येतो. ती ओळ कॉपी होऊन प्रॉडक्शनमध्ये येते. आणि आरडीएसचा इन्स्टन्स काढताना त्याचे रोजचे ऑटोमॅटिक बॅकअप ठेवायला सांगितलं नसेल, तर तेही सोबत जातात. म्हणून आजच ती ओळ फॉल्स कर, आणि डिलिशन प्रोटेक्शन चालू कर. ‘प्रिव्हेंट डिस्ट्रॉय’ही लाव, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस. ती सूचना त्या रिसोर्सच्या ब्लॉकमध्येच असते, आणि कुणी साफसफाई करताना अख्खा ब्लॉकच उडवला तर सूचनाही त्याच्यासोबत उडते. डिलिशन प्रोटेक्शन ॲमेझॉनच्या बाजूला बसलेलं असतं, ते तुमच्या फाइलमधून ब्लॉक गेल्याने हलत नाही.

बॅकअपचा विषय निघालाच आहे तर गिटलॅबची ती रात्र तुला माहीत असायलाच हवी. ३१ जानेवारी २०१७. मुख्य पोस्टग्रेस डेटाबेसवर लोड आला, दुय्यम प्रत मागे पडली आणि रेप्लिकेशन तुटलं. रात्री उशिरा एक थकलेला इंजिनिअर ती प्रत नव्याने भरायच्या खटपटीत होता. त्यासाठी दुय्यम सर्व्हरची डेटा डिरेक्टरी रिकामी करायची म्हणून त्याने डिलीटची कमांड दिली, आणि ती चालली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत लक्षात येऊन त्याने थांबवली. तोवर ३०० जीबीमधले साडेचार जीबी उरले होते.

खरी शिकण्याची गोष्ट यापुढची आहे. त्यांच्याकडे बॅकअपच्या बऱ्याच व्यवस्था होत्या. रोजचा डंप काढणारं पीजी-डंप ९.२ आवृत्तीचं होतं आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे डंप निघतच नव्हता आणि एसथ्रीची बकेट रिकामी होती. डंप फसल्याच्या ईमेल जात होत्या, पण त्यांच्यावर योग्य सही नसल्याने मेल सर्व्हर त्या परतवून लावत होता. डिस्कचे स्नॅपशॉट डेटाबेस सर्व्हरसाठी चालूच केलेले नव्हते. वाचवलं ते एका स्नॅपशॉटने, जो एका इंजिनिअरने स्टेजिंगच्या कामासाठी सहा तास आधी सहज हाताने काढला होता. तो परत कॉपी करायलाही सुमारे १८ तास लागले, कारण स्टेजिंगच्या डिस्क हळू होत्या. मधल्या सहा तासांतल्या नोंदी कायमच्या गेल्या. गिटलॅबचं मला कौतुक वाटतं ते यासाठी की त्यांनी काहीही लपवलं नाही. दुरुस्तीचं काम लोकांसमोर लाइव्ह दाखवलं, नंतर सविस्तर कारणमीमांसा छापली आणि त्या इंजिनिअरला बळीचा बकरा केलं नाही. ती कारणमीमांसा मुळातून वाच.

तुझ्यासाठी त्यातून निघतं ते असं. दुय्यम प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. तुझा मल्टी-एझेड स्टँडबाय एक डेटा सेंटर बंद पडलं तर उपयोगी पडेल, पण कुणी चुकून पेशंटचं टेबल रिकामं केलं तर स्टँडबायवरही ते त्याच क्षणी रिकामं होईल. आणि बॅकअप आहे असं तेव्हाच म्हणायचं, जेव्हा तो परत चढवून बघितलाय.

परत चढवण्यात एक मेख आहे, ती ऐन वेळी कळण्यापेक्षा आत्ताच कळू दे. आरडीएसवर मागच्या एखाद्या मिनिटाला जायचं म्हटलं की चालू डेटाबेस मागे जात नाही. त्या क्षणाच्या डेटासह नवा इन्स्टन्स तयार होतो, नव्या पत्त्याचा. ॲपमध्ये जुना पत्ता ठिकठिकाणी लिहून ठेवला असेल तर मध्यरात्री तो शोधत बसावं लागेल, म्हणून पहिल्यापासून स्वतःचं एक डीएनएस नाव ठेव आणि फक्त ते वळव. शिवाय टेराफॉर्मला हा नवा इन्स्टन्स माहीतच नसतो, तो जुन्यालाच धरून बसतो. नवा त्याच्या ताब्यात द्यायला इम्पोर्ट करावा लागतो. हे सगळं एकदा स्टेजिंगवर करून, पायऱ्या लिहून ठेव.

आता कोणता डेटाबेस. पोस्टग्रेस घे, आरडीएसवर, मुंबई रीजनमध्ये. तुमच्या टीम लीडला मोंगो हवंय असं तू लिहिलंस, कारण प्रत्येक डॉक्टरचा केसपेपर वेगळा: डोळ्यांच्या डॉक्टरांना चष्म्याचा नंबर, बालरोगतज्ज्ञांना लसीकरणाचा तक्ता. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण तेवढ्यासाठी २०१४ पासून पोस्टग्रेसमध्ये जेसनबी आहे. बदलता भाग एका कॉलममध्ये जेसन म्हणून ठेव, बाकीचं टेबलांमध्ये. कारण पेशंट, डॉक्टर, अपॉइंटमेंट, बिल, पावती हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. बिल आहे आणि पेशंटच नाही, असं कधी घडता कामा नये. हा नियम ॲपच्या कोडमध्ये लिहिलास तर तो पाळायचं प्रत्येक नव्या डेव्हलपरने लक्षात ठेवायचं. डेटाबेसमध्ये लिहिलास तर मोडायची सोयच राहत नाही.

उदाहरण देते. दोन काउंटरवरून दोघीजणी एकाच डॉक्टरची सव्वाअकराची वेळ एकाच सेकंदाला दोन पेशंटना देतात. ॲप दोघींना ‘वेळ रिकामी आहे’ असंच सांगेल, कारण विचारलं तेव्हा ती खरंच रिकामी होती. पोस्टग्रेसमध्ये एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट नावाची सोय आहे. एका डॉक्टरच्या दोन अपॉइंटमेंटचे कालावधी एकमेकांवर चढता कामा नयेत, एवढं एकदा लिहिलं की दुसरी नोंद डेटाबेसच नाकारतो. पंधरा मिनिटांची आणि चाळीस मिनिटांची अपॉइंटमेंट अर्धवट एकमेकांवर आली तरीही. मला ही सोय फार आवडते.

डायनॅमोडीबीबद्दलही विचारलंस. उत्तम वस्तू आहे. ॲमेझॉनने स्वतःच्या शॉपिंग कार्टसारख्या कामांसाठी बांधलेल्या डायनॅमोचा पेपर २००७ मध्ये आला, आणि २०१२ मध्ये त्या विचारावरची सेवा सर्वांना खुली झाली. पण तिथे तुला डेटाला पुढे कोणकोणते प्रश्न विचारणार ते आधी ठरवून त्याप्रमाणे टेबलची ‘की’ मांडावी लागते. सहा महिन्यांनी एखादे डॉक्टर विचारतील, पावसाळ्यात ताप घेऊन आलेल्यांपैकी पंधरा दिवसांत पुन्हा किती आले? पोस्टग्रेसमध्ये ती एक क्वेरी आहे. डायनॅमोमध्ये नवा इंडेक्स, नाहीतर अख्खं टेबल वाचणं. ज्यांना प्रश्न मोजके आणि ठरलेले, पण विचारणारे कोट्यवधी, त्यांनी ती घ्यावी. तुमचं उलट आहे.

आणि पुण्यात पोस्टग्रेस जाणणारी माणसं भेटतील. पोस्टग्रेसवरच काम करणाऱ्या एंटरप्राइझडीबीचं मोठं ऑफिस इथेच आहे. अडलीस तर विचारायला कुणी जवळ असणं ही निवडीची मोठी बाजू आहे, तिला कमी लेखू नकोस.

एक धोका मात्र सर्व्हर आणि डेटाबेसच्या सांध्यावर आहे. सोमवारी सकाळी सगळे दवाखाने एकदम उघडतात, लोड वाढतो, ऑटोस्केलिंग चारचे बारा सर्व्हर करतं. प्रत्येक सर्व्हर डेटाबेसशी वीस कनेक्शन उघडतो. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन म्हणजे एक वेगळी प्रोसेस, आणि मुळातली मर्यादा फक्त १०० ची. आरडीएस ती मेमरीप्रमाणे ठरवतं, पण लहान इन्स्टन्सवर तीही लवकर संपते. मग गर्दी निभवायला आणलेले सर्व्हरच डेटाबेसचं दार अडवून बसतात. तेव्हा सर्व्हरची कमाल संख्या गुणिले कनेक्शन हा गुणाकार कागदावर मांड, आणि मध्ये मोजकीच कनेक्शन सगळ्यांत वाटून देणारा पीजीबाउन्सर बसव.

लाइव्ह जाण्याआधी रिस्टोअर एकदा घड्याळ लावून कर आणि किती वेळ लागला ते मला कळव. तोच आकडा तुमच्या साहेबांनाही लेखी दे, दवाखान्यांशी करार करताना त्यांना लागेल. ताईला सांग, गणपतीत येतेय.

तुझी,
मावशी

ता. क. स्टेट फाइल सध्या कुठे आहे? तुझ्या लॅपटॉपवर किंवा गिटमध्ये असेल तर बाकी सगळं सोडून आधी ती हलव. डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्ये दिला असेल तर तो तिच्यात उघडउघड लिहिलेला असतो. एसथ्रीच्या बंदिस्त बकेटमध्ये ठेव, व्हर्जनिंग आणि लॉकिंग लाव, आणि हलवल्यावर पासवर्डही बदल.