पेत्तर अमावास्या

आई २०१९ साली गेली, बाबा त्यानंतर दोन वर्षांनी. मी इथं हैदराबादला, तारनाक्यात. गोव्यातलं घर बंदच. चवथीला कुलूप काढतो तेवढंच. म्हाळ मात्र इथंच घालतो, सर्वपित्री अमावास्येला. तेलंगणात तिला पेत्तर अमास म्हणतात आणि त्याच संध्याकाळी बतुकम्मा सुरू होते! पहिल्या वर्षी खाली बायका तंगेडूच्या, म्हणजे आपल्या तरवडाच्या, पिवळ्या फुलांभोवती टाळ्या वाजवत फेर धरू लागल्या तेव्हा मला चक्क राग आला. खिडकी लावून घेतली. शेजारच्या आजी प्रसाद घेऊन आल्या. म्हणाल्या, "दुपारी मोठ्यांना जेवू घातलंस ना? मग आता त्यांना गाणी ऐकू दे की."

खिडकी उघडली. चवथीच्या फुगडीत आई शेवटपर्यंत असायची.