नीरेपलीकडचं गाव

बावडा

चि. बाळास,


रविवारी फोनवर म्हणालास, "आप्पा, घरदार सोडून नवं गाव वसवायची छाती आपल्याकडं कुणाची झाली नाही." तिकडं अमेरिकेत प्लिमथचा खडक पाहून आलास, बरं केलंस. पण तुझ्या या बोलण्यानं रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

अरे, सराटीचा पूल ओलांडला की अकलूज, आणि तिथून माळीनगर किती लांब? तुझ्या आत्याआजीचं सासर विसरलास? सासवडचे माळी कऱ्हाकाठ सोडून निघाले ते पाण्यासाठी. नीरेच्या कालव्यावर खंडानं जमिनी घेऊन ऊस केला. मंदीत गुळाचा भाव बसला, तेव्हा १९३२ साली त्यांनीच शेअर घेऊन साखर कारखान्याची कंपनी काढली. ज्याचं नाव सगळे घेतात तो लोणीचा सहकारी कारखाना १९५० चा, म्हणजे कितीतरी नंतरचा. माळीनगरच्याच सुमारास आपल्या तालुक्यात वालचंदनगर उभं राहिलं. त्याचाही मला अभिमान आहे, पण ते एका उद्योगपतीच्या हिमतीवर. माळीनगर भाऊबंदांनी मिळून वसवलं.

लहानपणी बैलगाडीनं नीरेचं पात्र ओलांडून आम्ही तिथं जायचो. कारखान्याचा भोंगा झाला की आत्या भाकरीचं पीठ मळायला घ्यायची. चाळीस वर्षं तिथं राहूनही सासवडला 'गावाकडं'च म्हणायची.

तुझ्या खडकाचं तरी काय? मेफ्लॉवर जहाजानं १६२० साली १०२ प्रवासी तिथं वस्ती करायला आले. त्यातले निम्मे पहिल्या हिवाळ्यातच गेले. उरले ते एकमेकांना धरून राहिले म्हणून. आणि बाळ, ते रान मोकळं नव्हतं रे. तिथं पटक्सेट नावाचं गाव होतं, साथीनं ओस पडलेलं. मका कसा लावायचा ते त्यांना त्याच गावच्या, मागं उरलेल्या माणसानं शिकवलं. खडकापाशी हे कुणी सांगितलं का तुला?

एकट्यानं घर होतं, गाव होत नाही, हे मी तुला तू कॉलेजात असल्यापासून सांगतोय. तू ऐकत नाहीस. परवा बर्फात गाडी अडकली तर दोन तास एकटाच बसलास म्हणे. सूनबाई सांगत होती, तू नाही सांगितलंस. शेजारी हाक मारायला कुणी नाही का? पोरीला ताप आला तर रात्री कुणाचं दार वाजवणार? पुढच्या फोनला त्या शेजाऱ्याचं नाव मला सांग. नाव माहीत नसेल तर आधी जाऊन विचारून ये.

तुझा,
आप्पा