ठाण्याचे रक्तसाक्षी, वसईचा संत

नौपाड्यातून निघालेल्या आमच्या यात्रेचा पहिला थांबा अगदी जवळ होता, मासुंदा तलावालगतचं संत जॉन बाप्टिस्ट चर्च. मिस्सा आटोपून बस घोडबंदर रस्त्याला लागली. डावीकडे डोंगर, उजवीकडे खाडी. जपमाळ संपल्यावर फादरांनी १३२१ सालची हकिगत सांगायला घेतली.

होर्मुझहून कोल्लमकडे निघालेलं जहाज वाऱ्यामुळे ठाण्याला लागलं. त्यात चार फ्रान्सिस्कन होते: तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिबिलिसीचे दिमित्री. त्यांना पुढे चीनला जायचं होतं. ठाण्यातल्या एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबानं त्यांना घरात घेतलं. पुढे काझीसमोर धर्मावर सवालजवाब झाले आणि एप्रिलमध्ये चौघांनाही मारण्यात आलं. त्यांचे सोबती, डॉमिनिकन धर्मगुरू जॉर्डन, त्या वेळी भडोचकडे गेले होते. बातमी कळताच ते परतले आणि त्यांनी ते देह सोपाऱ्याला नेऊन पुरले.

खाडी ओलांडून आम्ही त्याच सोपाऱ्याला पोहोचलो. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उकरलेल्या बौद्ध स्तूपापाशी थोडं थांबलो. या प्राचीन बंदरात व्यापाऱ्यांच्या मालाबरोबर धर्मही उतरत आले. इथूनच ओडोरिक नावाच्या फ्रान्सिस्कनानं त्या चौघांच्या अस्थी काढून चीनमधल्या झैतूनला, म्हणजे आजच्या च्वानचौला नेल्या. जिवंतपणी अर्धवट राहिलेला त्यांचा प्रवास असा पुरा झाला. थॉमस यांना १८९४ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी धन्य घोषित केलं.

दुपारी वसई किल्ल्यात शिरलो. फ्रान्सिस्कन चर्चचं छप्पर गेलंय, पण जमिनीत पोर्तुगीज थडग्यांच्या कोरीव शिळा अजून आहेत. गोन्सालो गार्सिया याच वसईचे. वडील पोर्तुगीज, आई इथली. जेझुइटांकडे शिकले, व्यापारानिमित्त पूर्वेकडे गेले आणि मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर चढवलं गेलं. १८६२ मध्ये ते संत झाले, भारतात जन्मलेले पहिले संत.

परदेशातून आलेल्या चौघांचं रक्त ठाण्याच्या मातीत सांडलं. वसईच्या मातीतला एक जण जपानमध्ये मेला. यरुशलेमची यात्रा प्रत्येकाला परवडत नाही. ठाणे, सोपारे आणि वसई मात्र एका दिवसात होतात. आपल्या धर्मग्रामातल्या मुलांना ही वाट एकदा तरी दाखवायला हवी. श्रद्धेसाठी जीव देणारी माणसं आपल्याच गावात मेली आणि आपल्याच गावात जन्मलीही, हे त्यांना इथंच उमगेल.